फलाटाला लागलेली चार डब्यांची लोकल

पत्राचा गोषवारा (नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळून):

नवी मुंबईतल्या घणसोलीहून एका आईचं पत्र आलं आहे. ऐरोलीत नोकरी, घरी नवरा, सासूबाई आणि एक मुलगा. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी, तो चार वर्षांचा होईल. खिडकीतून ट्रान्स हार्बर मार्गावरच्या लोकल गाड्या दिसतात आणि पोराला ठाण्यापासून वाशीपर्यंत सगळी स्टेशनं पाठ आहेत. जानेवारीत मायलेकांनी मोबाइलवर लोकलच्या आकाराच्या केकचा व्हिडिओ पाहिला आणि आईच्या तोंडून निघून गेलं, "मी करीन तुला असा." त्यावर तो म्हणाला, "तिला डोक्यावर काडी पण असेल ना?" (काडी म्हणजे टपावरचा, वरच्या तारेतून वीज घेणारा पेंटोग्राफ.) तेव्हापासून रोज विचारणा चालू आहे.

मागच्या वर्षीचा घरचा केक मधोमध बसला होता. "पंधराव्या मिनिटाला ओव्हन उघडून पाहिला, तेव्हा छान फुगला होता," असं त्या लिहितात. वरचं व्हिप्ड क्रीम पाहुणे येईपर्यंत ओघळलं. कुणीतरी काढलेला फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हसऱ्या इमोजींसकट फिरला. नवरा म्हणतो, ऑर्डर देऊन मोकळी हो. दोन किलोच्या लोकल-केकचे साडेचार हजार सांगितले आहेत. सासूबाईंचं म्हणणं, अंडं नको, आणि वाढदिवसाला फुंकर मारून ज्योत विझवणं तर नकोच. क्लबहाउसमध्ये २२ मुलं यायची आहेत. "माझ्या आईनं आमचा एकही वाढदिवस विकतच्या केकवर भागवला नाही. मला एवढंही जमत नसेल तर मी कसली आई? करू की ऑर्डर देऊ? आणि करायचाच तर गाडीच्या आकाराचा सिलिकॉनचा साचा १,८०० रुपयांना मिळतोय, तो मागवू का? माळ्यावर ब्रेडचा एक साधा टिन पडून आहे."

प्रिय मैत्रिणी,

तू माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून सरळ अगंतुगं करते. राग मानू नकोस.

पहिलं काम केकचं नाहीच. आईला फोन लाव आणि विचार, माझ्या चौथ्या वाढदिवसाला तू नेमकं काय केलं होतंस? माझा अंदाज सांगते. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाला मीठ पसरून भाजलेला गोल केक, रव्याचा नाहीतर मैद्याचा. वर टूटीफ्रूटी. सोबत बटाटेवडे, वेफर्स आणि सरबत. फुगला तर आनंद, नाही फुगला तर सुरीनं वड्या पाडून ताटल्यांमध्ये घातल्या, विषय संपला. त्या केकनं कशासारखं तरी दिसावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. तुला वाटतंय तू आईची बरोबरी करते आहेस. मला दिसतंय ते असं, की तू त्या व्हिडिओवाल्या बाईशी बरोबरी करायला निघाली आहेस आणि पावती आईच्या नावानं फाडते आहेस. ती बाई हे रोज करते, तिच्याकडे गोल फिरणारं टेबल आहे, गार खोली आहे, आणि तिचं दोन दिवसांचं काम आपण अर्ध्या मिनिटात पाहतो. वाया गेलेले डबे व्हिडिओत दिसत नाहीत.

आता पोराकडे वळू. तुझं एवढं लांब पत्र, आणि त्यात त्याचं म्हणणं एकच ओळ आहे: डोक्यावर काडी असेल ना? बाकी सगळं तुझं. खिडक्या सरळ रेषेत हव्यात, जांभळा पट्टा नेमका त्याच छटेचा हवा, दारं जिथल्या तिथं हवीत, यातलं काहीही त्यानं मागितलेलं नाही.

त्याला एक कागद दे आणि आजीचं चित्र काढायला सांग. एक गोल निघेल. त्या गोलालाच खाली दोन पाय फुटतील आणि हात कानाच्या जागेतून बाहेर येतील. धड नसेलच. या वयाची बरीच मुलं, कुठल्याही देशातली असोत, माणूस असाच काढतात, आणि त्यांना ती शंभर टक्के आजी दिसते. हा माणूस तुझ्या केकचा परीक्षक आहे.

आणि आपल्याला तरी हे नवं आहे का? दिवाळीतला किल्ला आठव. दोन विटा, एक फाटकं पोतं, बादलीभर माती, वर अळीव पेरलेलं. बुरुजापेक्षा मावळा उंच. गुहेत वाघ, वाघाशेजारी कुणाची तरी लाल मोटार. इमारतीतला एकही माणूस येऊन म्हणत नाही की रायगडाचं प्रमाण चुकलंय. पाटीवर रायगड लिहिलं की तो रायगड. तसं चाकं, खिडक्या आणि डोक्यावर काडी असली की ती लोकल.

तेव्हा या आठवड्यात त्याला मांडीवर घेऊन एवढंच विचार, "गाडी आहे हे कशावरून कळतं?" तो तीन-चार गोष्टी सांगेल. त्या लिहून ठेव. केकवर तेवढंच करायचं, पाचवी गोष्ट करायची नाही.

माझी एक फजिती सांगते, कारण ती तुझ्या कामाची आहे. १९९४ साल, तेव्हाही आम्ही इथे ठाण्यात, नौपाड्यातच राहत होतो. माझ्याकडे ॲल्युमिनियमचा तो गोल ओव्हन होता, झाकणाला काचेचा डोळा असलेला. लेकीच्या तिसऱ्या वाढदिवसाला मी ससा केला. दोन गोल केक, एकाचं तोंड, एकाचं अंग, वर सुकं खोबरं भुरभुरून लोकर, आणि कानांना दोन क्रीम वेफर. दुपारी बाराला कान खोवले. संध्याकाळी पाचपर्यंत वेफर क्रीममधला ओलावा पिऊन मऊ झाले आणि दोन्ही कान डोळ्यांवर पडले. मी रडवेली. लेकीनं पाहिलं, तोंडावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना म्हणाली, "शू, ससा झोपलाय." मी सुटकेचा श्वास टाकला तो दोनच मिनिटं टिकला, कारण सुरी आणल्याबरोबर तिनं आकांत मांडला. झोपलेल्या सशाला कापायचं? पाहुण्यांना पेढे आणि वडे देऊन वाटेला लावलं. ससा दोन दिवस फ्रिजमध्ये झोपून होता. शेवटी तिची पाठ वळल्यावर आम्ही नवरा-बायकोनं स्वयंपाकघरात उभ्याउभ्या संपवला, चोरासारखा.

यातून दोन गोष्टी घे. बिस्किट, वेफर, जे काही कुरकुरीत असेल ते अगदी शेवटी लावायचं. आणि ज्याला तोंड आहे असा केक लहान मुलासमोर कापणं सोपं नसतं. तुझ्या मुलानं सिंह किंवा माकड न मागता गाडी मागितली, हे तुझं नशीब समज. गाडीला कापावं लागत नाही. डबे सुटे होतात.

आता करू की मागवू. तुझ्या मनात हे दोनच रस्ते आहेत, आणि एक घेतला की दुसऱ्याची हार. मला तिसरा दिसतो. २२ मुलं आणि त्यांचे आईबाप, म्हणजे निदान दोन-अडीच किलो केक हवा. नोकरी सांभाळून एवढा केक घरी भाजणं, कापणं, सजवणं, तेही मागच्या वर्षीची धास्ती मनात असताना, मला शहाणपणाचं वाटत नाही. पण सगळं मागवलंस तर तू दिलेला शब्द जातो, आणि तुझी चुटपूट मला इथे नौपाड्यात ऐकू येईल.

म्हणून जवळच्या बेकरीतून, किंवा घरून केक करून देणाऱ्या एखाद्या बाईंकडून, साधा लांबट चौकोनी केक मागव. आकार नाही, साखरेची बाहुली नाही, वर फक्त पिवळी पाटी आणि काळ्या अक्षरात "घणसोली". तो झाला फलाट. गाडी तू कर. फक्त चार डबे. ती त्या केकवर चढवायची नाही, शेजारी त्याच पाटावर ठेवायची. नाहीतरी गाडी कधी फलाटावर चढते का? ती फलाटाला लागते. मुलगा सुरी लावेल ती फलाटाला, आणि पाहुण्यांचं खाणं तिथूनच निघेल. चार डबे कुणाला द्यायचे ते तो ठरवेल. साध्या केकचा खर्चही आकाराच्या केकपेक्षा बराच कमी येतो. तुला सांगितलेल्या रकमेत मोठा वाटा हातकामाचा आहे, आणि तो रास्तच आहे, पण तुला त्याची गरज नाही. घरगुती केक करणाऱ्या बाईंकडून घेणार असलीस तर त्यांचा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नकोस. चांगल्या बाया तो बिलावर स्वतःहूनच छापतात.

चारच डबे म्हणजे कमी वाटतात? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला पहिली गाडी आली ती १४ डब्यांची होती, पण तिला ओढायला तीन इंजिनं होती. तू एकटी आहेस.

आता प्रत्यक्ष काम. तो माळ्यावरचा टिन साधारण ८ इंच लांब आणि ४ इंच रुंद असेल असं धरते. त्यातला केक चौकोनी निघतो, म्हणजे कोरीवकाम जवळजवळ शून्य. वरचा फुगीर भाग काढून टाक, मग लांबीत मधोमध चीर दे, मग आडवी एक. झाले चार डबे, प्रत्येकी ४ इंच लांब, २ इंच रुंद.

सासूबाईंच्या अटीत बसणारा दह्याचा केक कर. मेजरिंग कपानं एक कप ताजं दही, पाऊण कप पिठीसाखर, अर्धा कप वास नसलेलं तेल, दीड कप मैदा, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा, चमचाभर व्हॅनिला. चमचे मोजायच्या संचातले, आमटी वाढायचे नव्हेत. दही आणि साखर घोटून त्यात सोडा आणि पावडर घाल, पाच मिनिटं थांब, फेस वर येईल. मग तेल, व्हॅनिला, आणि चाळलेला मैदा दोन-तीन वेळा मिळून. मैदा पडल्यावर फार घोटू नकोस, आणि मिश्रण ओट्यावर ठेवून फोन घ्यायला जाऊ नकोस. दह्याचा आंबटपणा आणि सोडा भेटले की वायू लगेच सुटायला लागतो, त्यातला उरलेला ओव्हनमध्ये सुटायला हवा, ओट्यावर नाही. टिन दोन तृतीयांशाच्या वर भरू नकोस. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. पावडरचा डबा मागच्या वर्षीचा असेल तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघ. फसफसली नाही तर फेकून दे, जीव लावू नकोस.

तेलाचा केक मुद्दाम सांगितला. लोण्याचा केक फ्रिजमध्ये विटेसारखा कडक होतो, तेलाचा मऊ राहतो. आणि तुझा हा केक फ्रिजमध्ये राहणारच आहे.

मागच्या वर्षी केक का बसला हे तुझ्याच पत्रात आहे. पंधराव्या मिनिटाला तो फुगलेला असतो, पण उभा नसतो. आत वायूचे बुडबुडे असतात, भोवतीचं पीठ अजून ओलं असतं. दार उघडलंस, आतली गरम हवा गेली, बुडबुडे आकसले आणि त्यांना धरून ठेवायला पक्की भिंत नव्हती. पहिली तीस मिनिटं दाराला हात लावायचा नाही. काचेतून बघ, हवं तर देवाचं नाव घे. क्रीमचं म्हणशील तर त्यात तुझी चूक जवळजवळ नाहीच. बाजारातलं व्हिपिंग क्रीम म्हणजे वनस्पती चरबीत कोंडलेली हवा, गारव्याबाहेर ते टिकत नाही. लोण्याचं आयसिंग करशील तर लोणी तिशीपलीकडच्या अंशांत सैलावतं आणि पस्तिशीच्या आसपास पातळ होतं. आपल्याकडे एप्रिलातल्या दुपारी पारा कुठे जातो ते तुला सांगायला नको. साखरेचा तो लाटून बसवायचा फॉन्डंटही नको. फ्रिजमधून बाहेर काढला की आपल्या दमट हवेत त्याला घाम फुटतो आणि बोट लावलं की चिकटतं.

त्यापेक्षा गनाश कर. नाव मोठं, काम सोपं. ३०० ग्रॅम पांढरं कंपाउंड चॉकलेट बारीक चिरून घे, १०० ग्रॅम पाकिटातलं फ्रेश क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत गरम करून त्यावर ओत, दोन मिनिटांनी ढवळ. भांडं आणि चमचा ठणठणीत कोरडे हवेत, चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब गेला तर त्याचा रवा होतो. काळ्या चॉकलेटला दोनास एक प्रमाण पुरतं, पांढरं मऊ असतं म्हणून तिनास एक. थंड झालं की पीनट बटरसारखं दाट होतं आणि घट्ट बसतं. रंग अगदी शुभ्र येणार नाही, थोडा पिवळट येईल. आपल्या लोकलचा पांढरा रंग तरी कुठे शुभ्र असतो!

वाटीभर गनाश बाजूला काढून त्यात जांभळा जेल रंग थेंबाथेंबानं घाल, पट्ट्यासाठी. रंग रात्रभरात गडद होतो, म्हणून हवा त्यापेक्षा फिकाच ठेव. जांभळ्यातला लाल उजेडात उडतो आणि पट्टा निळा दिसायला लागतो, म्हणून डबे झाकून ठेव. चमकीच्या डब्या घेताना लेबल नीट वाच. "नॉन-टॉक्सिक" म्हणजे पोटात गेल्यावर अपाय होणार नाही एवढंच, ती खायची वस्तू आहे असा त्याचा अर्थ नव्हे. खायची असेल तर तसं स्वच्छ लिहिलेलं असतं आणि घटकपदार्थ छापलेले असतात. खरं तर लोकलला चमकी कशाला हवी?

कामाची वाटणी अशी. बुधवारी रात्री पोरगं झोपल्यावर भाज, गार झाल्यावर क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये. गुरुवारी डबे काप आणि गनाशचा पातळ हात फिरव. हा थर दिसण्यासाठी नसतो, सुटा चुरा जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी असतो, त्यामुळे ओबडधोबड दिसला तरी घाबरू नकोस. शुक्रवारी दुसरा थर आणि पट्टा. थर सपाट करायला सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यायची. रोज तासाभराच्या वर काम नाही. एकच सूचना, या दोन-तीन दिवसांत फ्रिजमधला चिरलेला कांदा, लसणाची चटणी आणि आठवड्याचे बोंबील यांची दुसरीकडे सोय कर, कारण केक शेजाऱ्यांचा वास फार लवकर उचलतो.

शनिवारी सकाळी मुलाला बोलाव. काळ्या चॉकलेटचे चौकोनी तुकडे त्याच्या हातात दे, तो खिडक्या लावेल. वाकड्या लावेल. एका डब्याला नऊ आणि दुसऱ्याला दोन लावेल. सरळ करायचा मोह झाला तर हात धुवायला जा. चाकांना छोटी गोल बिस्किटं, ती संध्याकाळी निघायच्या आधी. मला तर चकल्या सुचल्या होत्या, चाकाचा आकार तयारच मिळतो, पण गोड गनाशला तिखटमीठ लागेल आणि तुझा नवरा गाडी सुटायच्या आधीच चाकं खाईल. रुळांना चॉकलेटच्या लांब काड्या, रुळांखालच्या आडव्या स्लीपरना बोरबॉन बिस्किटं. डबे जोडायला टूथपिक अजिबात नको, लहान मुलाच्या तोंडात जाते. नुसते एकाला एक चिकटून ठेव.

आणि डोक्यावरची काडी. पेंटोग्राफ. तो कागदाचा करू दे त्याला, त्याच्या हातानं, जाड कागद दुमडून आणि स्ट्रॉला चिकटवून. केकवरचं सगळं खायचंच असलं पाहिजे असा काही नियम नाही. वाढायच्या आधी काढता येईल एवढा मोठा असला म्हणजे झालं. त्यानं एकच गोष्ट मागितली होती, ती त्याचीच असू दे.

सासूबाईंच्या फुंकरीच्या आक्षेपाला तू पत्रात "जुनं काहीतरी" म्हणून बाजूला सारलं आहेस. मी तसं करणार नाही. ज्या बाईनं आयुष्यभर निरांजन हातानं वारा घालून शांत केलं, तिला नातवानं वाढदिवसाच्या दिवशी ज्योतीवर फुंकर मारणं खुपणारच. आणि २२ मुलांनी खायच्या केकवर कुणी फुंकर मारू नये असं म्हणायला धार्मिक असण्याची गरजही नाही. वाद घालण्यापेक्षा मेणबत्तीच वगळ. क्लबहाउसला जायच्या आधी घरी औक्षण, ते आजीच्या हातचं, सुपारी-अंगठी सगळं तिच्या मनासारखं. आणि केकपाशी पोराच्या हातात हिरवा रुमाल आणि गळ्यात शिट्टी. तो शिट्टी मारेल, रुमाल दाखवेल, सगळी मुलं मिळून ओरडतील, "पुढील स्टेशन, कोपरखैरणे!" मेणबत्तीपेक्षा चार वर्षांच्या मुलाला हे जास्त आवडेल यावर मी पैज लावायला तयार आहे.

नवऱ्याबद्दल एक शब्द. "ऑर्डर देऊन मोकळी हो" यात तुला अविश्वास ऐकू येतो. मागच्या वर्षी त्यानं तुला रात्री एक वाजता ओट्याशी रडताना पाहिलं असेल तर त्याला ते पुन्हा बघायचं नसेल, एवढंच असू शकतं. विचारून बघ. आणि फलाटाची ऑर्डर, पाटाला फॉइल लावणं, लिफ्टमधून तो पाट आडवा न होऊ देता क्लबहाउसपर्यंत नेणं, हे त्याच्या गळ्यात घाल. क्लबहाउसला एसी नसेल तर केक शेवटच्या अर्ध्या तासातच खाली न्यायचा.

त्या व्हॉट्सॲप ग्रुपचं मात्र काही करू नकोस. इमोजी टाकणाऱ्यांना उत्तर म्हणून केक करायचा नसतो. यंदाचा फोटो तुला टाकावासा वाटला तर टाक, नाही वाटला तर नको. दुसऱ्या कुणी टाकू नये असं वाटत असेल तर आमंत्रणातच तशी एक ओळ लिही, हल्ली बरेच आईबाप लिहितात. त्याच आमंत्रणात कुणाला शेंगदाणा, सुकामेवा किंवा दुधाची ॲलर्जी आहे का तेही विचार. बरोबर धाकटी भावंडं येतात, त्यांच्या हातात अख्खा बदाम किंवा गोल कडक गोळी जाणार नाही एवढं पाहायचं.

याच धर्तीची आणखी तीन-चार पत्रं माझ्याकडे आहेत, कुणाला डायनासोर हवा आहे, कुणाला परी. त्यांनाही हेच सांगेन, की आकार मुलाच्या यादीतून निवडण्याआधी आपल्या भांड्यांच्या कपाटात डोकवा. ब्रेडच्या टिनात गाडी, बस, ट्रक लपलेले असतात. कढईत किंवा खोलगट वाडग्यात भाजलेला केक उपडा केला की कासव, ढालकिडा किंवा परीचा घागरा होतो. उभ्या गोल डब्यात ढोल. डायनासोर कुठल्याच भांड्यात नाही. तिथे एक साधा हिरवा केक करा, वर प्लास्टिकचा डायनासोर धुऊन उभा करा आणि भोवती पुदिन्याचं रान लावा. ओव्हन नसेल तर कुकर किंवा जड कढई चालते, आच मंद, वेळ थोडा जास्त, आणि कुकरची शिट्टी-रिंग काढलेली.

राहता राहिला तुझा १,८०० रुपयांचा साचा. मागवू नकोस. त्यात गाडी सुबक निघते, पण ती त्या साच्याची गाडी असते. शिवाय बारीक नक्षीच्या कोपऱ्यात केक अडकतो आणि उपडा करताना इंजिनाचं नाक आतच राहतं, हे मी एका मैत्रिणीच्या घरी डोळ्यांनी पाहिलं आहे. माळ्यावरचा टिन काढ, गंजला नसेल तर घासून घे, तळाला आणि दोन्ही लांब बाजूंना बाहेर डोकावेल असा बटर पेपर लाव म्हणजे केक धरून वर उचलता येतो. येत्या रविवारी एकदा नुसता भाजून बघ, सजावट न करता. तुझा ओव्हन ४० मिनिटं घेतो की ५०, ते तेव्हाच कळेल. तो केक चार तुकड्यांत कापून मुलासमोर ताटात एका ओळीत ठेव आणि काही बोलू नकोस. तो काय म्हणतो ते मला जरूर कळव.